साक्ष द्यायची आहे, पण "सगळं ठीक झालं" असं म्हणता येत नाही

मारा | ७ एप्रिल २०२५, रात्री ११:४०

सलाम आणि नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी ऐरोलीत राहते. माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. घरातलं बोलणं, भांडणं, प्रार्थना सगळं मराठीत. (ऑफिसात अजूनही कुणीतरी विचारतंच, "तुम्ही गोव्याच्या का?")

मे २०२१ मध्ये माझे मिस्टर गेले. त्या लाटेत. ४१ वर्षांचे होते. मी स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेली. किट घातलेल्या चार माणसांनी त्यांना पुरलं, पाळक साहेबांनी लांब फाटकापाशी उभं राहून प्रार्थना केली, म्हणे. "म्हणे" अशासाठी की मला मूठमातीही देता आली नाही. दिराने फोनवर दाखवायचा प्रयत्न केला, पण नेटवर्क गेलं.

त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. राग होता असंही नाही. गीताचं पुस्तक उघडलं की घसा बंद व्हायचा. त्यातून लोक भेटले की "देवाची काहीतरी योजना असेल" हे ठरलेलं. असेल, पण मला त्या योजनेत कुणी विचारलं नव्हतं.

मग मंडळीतल्या एक मावशी दर मंगळवारी यायला लागल्या. डब्यात वरण-भात, कधी बोंबलाचं कालवण. वचन वाचून दाखवलं नाही, प्रार्थना करू का विचारलं नाही. स्वयंपाकघरात बसून माझा लसूण सोलून ठेवायच्या आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीला शिव्या घालत परत जायच्या. जवळजवळ दीड वर्ष. त्याच काळात माझी डिप्रेशनची औषधं आणि समुपदेशन चालू होतं, तेही सांगून टाकते, लपवण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षापासून मी परत जाते. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. गाता अजून येत नाही.

आणि आता पाळक साहेबांनी सांगितलंय की २० तारखेला, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत, मी पाच मिनिटं साक्ष द्यायची. विषय: ख्रिस्तातली आशा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. तिचा एक साचा आहे. आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग नोकरी लागली, गाठ विरघळली, नवऱ्याची दारू सुटली, हालेलुया. माझी गोष्ट या साच्यात बसत नाही. माणूस परत आला नाही. घराचे हप्ते चालू आहेत. मुलगी नववीत आहे आणि बाबांचा विषय निघाला की उठून गॅलरीत जाते. तरी मी दर रविवारी जाते आणि तिथे गेल्यावर काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. त्याला आशा म्हणायचं का? की नुसती सवय?

ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा.

---

घणसोलीकर | ८ एप्रिल, सकाळी ८:०५

ताई, तयारी नसेल तर नाही म्हणा सरळ. साहेबांना राग येणार नाही, आला तर येऊ दे.

---

तलावपाळी | ८ एप्रिल, दुपारी १:२०

मारा, मी ठाण्याचा ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), कॅथलिक, वय ६७. आमच्याकडे साक्षीची पद्धत तुमच्यासारखी नाही, मिस्सात फादर बोलतात आणि आपण ऐकतो. पण टोपणनाव ओळखलं. रूथची सासू नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परतते आणि बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, माझं आयुष्य कडू झालंय. आणि हे बायबलात तसंच छापलेलं आहे, कुणी खोडून गोड केलेलं नाही.

तुमच्या साच्याबद्दल. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं. त्यातली पुष्कळशी रडगाणीच आहेत, हे लोक विसरतात कारण भिंतीवर लावायला तेविसावं ("परमेश्वर माझा मेंढपाळ") बरं पडतं. बहुतेक रडगाण्यांत शेवटी-शेवटी गाडी वळते: रडलो, पण तू ऐकलंस. ८८वं मात्र वळत नाही. रात्रंदिवस हाका मारल्या, माझी माणसं तू दूर नेलीस, आणि शेवट अंधारात. संपलं. पुढे आभार नाहीत, स्तुती नाही. बायको गेली तेव्हा मला फादरनी तेविसावं दिलं होतं, ८८वं मी स्वतः शोधलं. ज्यांनी कुणी हे स्तोत्र त्या संग्रहात राहू दिलं, त्यांचे मी आजवर आभार मानतो. देवाला "तू ऐकत नाहीस" असं सांगणारा माणूससुद्धा देवाशीच बोलत असतो ना.

दुसरं, तुम्ही ईस्टरलाच बोलणार आहात म्हणून. मार्कचं शुभवर्तमान काढा, सोळावा अध्याय. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत ते आठव्या ओवीला थांबतं. (ओवी म्हणण्याची आमची जुनी सवय, तुम्ही वचन म्हणा.) पहाटे बायका कबरीवर जातात, धोंड सरकवलेली असते, येशू उठला आहे असं त्यांना सांगितलं जातं. आणि त्या काय करतात? थरथरत पळून जातात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. बस्स. बाकीच्या ओव्या नंतर जोडल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. ईस्टरच्या पहिल्या साक्षीदारांची ही साक्ष! तुमची याहून वाईट व्हायची नाही.

---

प्रश्नचिन्ह | ८ एप्रिल, रात्री १०:१५

मी नास्तिक आहे, नेरूळला असतो. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितो, दुखावलं तर माफी.

तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. औषधं घेतलीत, समुपदेशन घेतलंत. एक बाई दीड वर्ष न चुकता डबा घेऊन आली. काळ गेला. या चार गोष्टींनी तुम्ही उभ्या राहिलात आणि आता पाच मिनिटं उभं राहून श्रेय पाचव्यालाच द्यायचं. ही डॉक्टरवर आणि त्या मावशींवर अन्याय करणारी गोष्ट नाही का?

---

मारा | ९ एप्रिल, सकाळी ६:५०

प्रश्नचिन्ह, दुखावलं नाही. रात्रभर हाच प्रश्न डोक्यात होता.

डॉक्टरांचं श्रेय मी कुणालाच देणार नाही, त्यांचंच आहे. आजारी पडल्यावर आमच्या घरात आधी दवाखाना आणि मग प्रार्थना असंच चालतं. आजी तर म्हणायची, प्रार्थना चालता चालताही करता येते, रिक्षा थांबवून ठेवू नका.

मावशींचं मात्र वेगळं आहे. त्या का येत होत्या हे मला खूप उशिरा, तेही दुसऱ्याकडून कळलं. त्यांचा मुलगा वीस वर्षांपूर्वी रेल्वेखाली गेला. त्यानंतर त्या स्वतः तीन वर्षं चर्चला गेल्या नव्हत्या. मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, मग परत का गेलात?" त्या म्हणाल्या, "अगं, तो वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं ओरडला ना, म्हटलं याला कळत असेल." आणि परत लसूण. तेव्हा मावशींना श्रेय द्यायचं तर त्या ज्याच्याकडे बोट दाखवतात तिकडे मला बघावं लागतं. तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही.

---

[प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक | ९ एप्रिल, सकाळी ११:३०

वरचा प्रतिसाद काढला आहे. एका बाईने स्वतःच्या दुःखाबद्दल धागा काढलाय, तिथे "परदेशी धर्म", "धर्मांतराचा डाव" वगैरे चालणार नाही. त्या वादासाठी वेगळे धागे आहेत, दुर्दैवाने बरेच आहेत.

---

तलावपाळी | ९ एप्रिल, दुपारी ४:००

संपादक, काढलात ते बरं केलंत. पण "परदेशी" वाचून झालं होतं, म्हणून एवढं लिहू द्या. १३२१ साली थॉमस ऑफ तोलेंतिनो आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती चीनला निघाले होते, वाऱ्याने भरकटून ठाण्याला लागले आणि इथेच मारले गेले. जॉर्डेनस नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. आणि ते ठाण्यात उतरले तेव्हा कुणाच्या घरी उतरले माहीत आहे? इथल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या. म्हणजे वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात आमची माणसं होती. परदेशी तर परदेशी, पण भाडेकरू म्हणून बरेच जुने आहोत.

---

शुभदा_वारी | १० एप्रिल, रात्री ९:१०

मी वारकरी घरातली, कळव्याची. रेव्हरंड टिळकांचं नाव अजून कसं कुणी काढलं नाही? नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला कोकणस्थ ब्राह्मण कवी. ते म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली होती, तिथे पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं चालू होती. डोळे मिटले तर आमच्याच मंडळाचा हरिपाठ वाटावा.

मारा ताई, तुकोबांचे सगळेच अभंग काही आनंदाचे डोही नाहीत. दुष्काळात बायको गेली, पोर गेलं, दिवाळं निघालं. विठ्ठलाशी कडकडून भांडलेत ते. भांडण आहे म्हणजे नातं आहे असं आमच्याकडे मानतात. घसा बंद झाला असेल तर नुसत्या टाळ धरून उभ्या राहा, वारीत असे कितीतरी असतात.

---

रात्रपाळी | ११ एप्रिल, पहाटे ४:३५

ड्युटीवरून लिहितेय, म्हणून थोडक्यात. कॅन्सरच्या पेशंटची नर्स आहे, चौदा वर्षं. मूळची वसईची, आता खारघर.

"आशा सोडू नका" हे वाक्य मी वॉर्डात बोलत नाही. ऐकणाऱ्याला ते "बरं व्हायलाच पाहिजे" असं ऐकू येतं, आणि बरं नाही झालं तर दोष त्याच्याच आशेचा. एका पेशंटला कुठल्याशा प्रार्थनासभेत सांगितलं गेलं की औषध घेणं म्हणजे अविश्वास. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी स्वतः रोज रोझरी म्हणते, पण त्या दिवशी मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. मारा, तुमच्या साक्षीत त्या गोळ्यांचा उल्लेख जरूर करा. शेवटच्या बाकावर कुणीतरी असेल जिला तेवढंच ऐकायची गरज असेल.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाची रात्र अगदीच जात नसेल तर १४४१६. मानसिक आधारासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, टेलि-मानस, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही.

त्याच वॉर्डात अशीही माणसं पाहिली ज्यांना माहीत होतं की आपण जाणार, आणि तरी शेजारच्या खाटेवरच्या पोराला गणित शिकवत होती. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, पण ते मी पाहिलंय. बेल वाजली, जाते.

---

मारा | १२ एप्रिल, रात्री १०:००

रात्रपाळी, गोळ्यांचं नक्की सांगणार.

आज लिहायला बसले आणि बायबलातल्या इब्री लोकांस पत्रातलं एक वचन आठवलं. सहाव्या अध्यायात आहे, आशा म्हणजे जिवाचा नांगर. तुम्हाला हसू येईल, पण मी नगरची, पाणी पाहिलं ते विहिरीतलं. नांगर म्हणजे बैलांचा. लहानपणी मला पक्कं वाटायचं की आशा म्हणजे उन्हाळ्यात जमीन उलथीपालथी करणारा लोखंडी फाळ. दुखतं, पण मग पेरणी होते. मास्तर आजोबांनी एकदा सांगितलं की बाळ, हा नांगर बोटीचा आहे. मला तो अजिबात आवडला नाही. बोट पुढे जायला हवी, ती अडकवून ठेवणाऱ्या वस्तूचं काय कौतुक?

लग्न होऊन ऐरोलीला आले, पुलावरून रोज खाडी बघते, पण नांगर कसा चालतो ते अजून ठाऊक नाही. कुणाला माहीत आहे?

---

दोरखंड | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

मला म्हाईत हाय. दिवाळ्याचा कोळी. आमी हिंदू, आमचा देव बहिरी, पण नांगर सगल्यांचा सारखाच. आता शुद्ध लिहितो, नायतर मुलगी हसते.

ताई, पहिली गोष्ट, वजनाने होडी थांबते असं लोकांना वाटतं. तसं नाही. होडीच्या मानाने नांगर हलकाच असतो. तो चिखलात रुततो म्हणून धरतो. खाडीचा तळ चिखलाचा आहे, ओहोटीला पाय घातला तर मांडीपर्यंत आत जातो. त्याच चिखलात नांगराचा दात बसतो. गुळगुळीत खडकावर नांगर नुसता घसरत जातो.

दुसरी गोष्ट, दोर. नवीन पोरं दोर आखूड सोडतात. मग भरती आली, होडी वर चढली की दोर उभा ताणला जातो आणि नांगर उपटून येतो. दोर भरपूर सोडायचा, पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट, म्हणजे ओढ आडवी लागते आणि जितकी ओढ लागेल तितका नांगर आणखी रुततो. लांब दोरावर होडी हलते, गोल फिरते, डोलते. बघणाऱ्याला वाटतं सुटली. सुटलेली नसते.

तिसरी, नांगर लागलाय की नाही ते दिसत नाही कारण तो खाली असतो. दोराला हात लावून बघायचं. थरथर लागली तर घसरतोय. घट्ट असला तर झोपायचं.

अडकवून ठेवतो म्हणून तुम्हाला आवडला नाही म्हणता. वादळात पुढे जायचंच नसतं ताई. खडकावर जायचं नसतं, एवढंच बघायचं.

कालच हनुमान जयंती झाली, पुनवेचं उधाण चालू आहे, पाणी फार चढलंय. तुमच्या २० तारखेपर्यंत भांग लागेल, पाणी नरम पडेल. घाबरू नका.

---

घणसोलीकर | १३ एप्रिल, सकाळी ७:४०

दादा, ऑफिसच्या बसमध्ये वाचतोय. दोनदा वाचलं.

---

तलावपाळी | १३ एप्रिल, दुपारी १२:४५

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मिस्साहून आलो आणि हे वाचलं. दोरखंड, एक दाखवतो. आमच्याकडे हे २०२५ जुबिली वर्ष चालू आहे, पोप फ्रान्सिसनी त्याला नाव दिलंय "आशेचे यात्रेकरू". त्याचं चिन्ह चर्चच्या दारावर लावलंय: लाटांवर चार माणसं एकमेकांना धरून आहेत, पुढचा क्रुसाला बिलगलाय. क्रूस सरळ नाही, त्यांच्याकडे वाकलाय आणि त्याचं खालचं टोक पाण्यात जाऊन नांगर झालंय. चार महिने मी त्याखालून आत जातोय, टोकाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. रोममधल्या भूमिगत दफनभूमीतही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर नांगर कोरलेत. कबरींवर, हे लक्षात घ्या.

---

प्रश्नचिन्ह | १३ एप्रिल, रात्री ११:०५

देव मला अजूनही पटत नाही. पण "बघणाऱ्याला वाटतं सुटली" हे आईला वाचून दाखवलं. वडील गेल्यापासून ती रोज संध्याकाळी देवासमोर बसून एक शब्द न बोलता अर्धा तास काढते आणि मी तिला त्यावरून टोमणे मारत आलोय. आज मारला नाही.

---

मारा | २१ एप्रिल, रात्री ९:३०

झालं.

पहाटे साडेपाचला गच्चीवर उपासना होती. माईक खरखरत होता. मी कागद नेला होता पण अंधारात दिसेना, मग तसंच बोलले. मूठमाती देता आली नाही ते सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, नाव आणि डोससकट, तेव्हा पुढच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. मग मार्कमधल्या त्या बायकांचं: त्यांना चांगली बातमी मिळाली होती आणि तरी त्या घाबरून पळाल्या, आणि मीही चार वर्षं पळतेच आहे, फक्त रविवारी पळत इथे येते. दोरखंड दादांचा नांगर सांगितला, आखूड दोरासकट. मला माझा नवरा पुन्हा भेटेल असं मी मानते, पण ते मानूनही मंगळवारची रात्र लांबच असते, असं म्हणाले. हालेलुया म्हणायचं राहून गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ शांतता. मग मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं, बहुतेक उशीर झाला म्हणून. खाली आल्यावर चहाच्या रांगेत एक बाई माझ्या कानाशी आली आणि विचारलं, "ते डॉक्टर कुठे बसतात?" रात्रपाळी, तुमच्यासाठी.

गायला अजूनही आलं नाही. मुलगी शेजारी गात होती, बेसूर, अगदी बाबांसारखी.

तलावपाळी काका, आज दुपारी पोप गेल्याची बातमी ऐकली आणि पहिली तुमची आठवण आली. कालच तर लोकांना आशीर्वाद द्यायला बाल्कनीत आले होते.

---

तलावपाळी | २१ एप्रिल, रात्री १०:१०

हो. चर्चची घंटा ऐकली तेव्हा मी तलावाशीच बसलो होतो. आशेच्या वर्षात, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. जास्त लिहवत नाही आज. तुमचं वाचलं, बरं वाटलं.

---

दोरखंड | २२ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, मुलीला घेऊन या दिवाळ्याला, नांगर दाखवतो, हातात धरू दे. रविवारी नको, गिऱ्हाईकांची गर्दी असते. मंगळवार बरा.

---

मारा | २२ एप्रिल, सकाळी ७:००

मंगळवारी मावशी येतात.

---

दोरखंड | २२ एप्रिल, सकाळी ७:०२

मग मावशींना पण आणा. लसूण आमच्याकडे पण लय लागतो.